कौल ‘नाही’चा, आणि पुढचे ४१ दिवस: कोलंबियाच्या सार्वमताचं प्रकरण

२ ऑक्टोबर २०१६, रविवार. कोलंबियात दुपारी चारला मतदान संपलं आणि तासाभरात आकडे समोर आले. ‘नाही’ला ६४ लाख ३१ हजार मतं, ‘हो’ला ६३ लाख ७७ हजार. फरक ५३,८९४ मतांचा. बाद ठरलेल्या मतपत्रिकाच १ लाख ७० हजारांच्या वर होत्या, म्हणजे फरकाच्या तिप्पट.

प्रश्न एका वाक्याचा होता. संघर्ष संपवण्यासाठी आणि स्थिर, टिकाऊ शांतता उभारण्यासाठी झालेल्या अंतिम कराराला तुमचा पाठिंबा आहे का? करार २९७ पानांचा होता. सरकार आणि फार्क ही बंडखोर संघटना यांनी क्युबाच्या राजधानीत, हवानात, चार वर्षं बसून तो घासूनपुसून तयार केला होता. सहाच दिवसांपूर्वी, २६ सप्टेंबरला, कार्ताखेना शहरात पाहुण्यांनी पांढरे कपडे घालून सही-समारंभ साजरा केला होता. सह्यांचे पेन बंदुकीच्या काडतुसांपासून घडवलेले होते. त्या समारंभात बोहाया गावच्या बायकांनी मृतांसाठी म्हणायची त्यांची पारंपरिक गाणी म्हटली होती. बोहायाकडे मी पुन्हा येणार आहे, कारण माझ्यासाठी हे प्रकरण तिथूनच सुरू होतं.

लोकांनी ‘नाही’ म्हटलं. आता काय करायचं? निकाल मानायचा म्हणजे नेमकं काय मानायचं? आणि तो पुन्हा तपासायचा, तर तो अधिकार कुणाचा? त्याच वर्षी जूनमध्ये ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडायचा कौल दिला होता आणि हाच वाद तिथे पुढे साडेतीन वर्षं धुमसत राहिला. कोलंबियाकडे इतका वेळ नव्हता. शस्त्रबंदी चालू होती, हजारो सशस्त्र माणसं जंगलात ‘पुढे काय’ची वाट बघत होती, आणि ज्या करारावर ती विसंबली होती तो करार त्या रात्री राजकीयदृष्ट्या मेला होता.

मतदानाआधी काय ठरलं होतं

फार्कचं बंड १९६४ पासूनचं. सरकारी फौजा, बंडखोर आणि उजव्या निमलष्करी टोळ्या यांच्या लढाईत २ लाखांहून जास्त माणसं मेली आणि लाखो लोक गावं सोडून परागंदा झाले. राष्ट्राध्यक्ष हुआन मानुएल सांतोस यांनी २०१२ मध्ये वाटाघाटी उघड केल्या. हे सांतोस आधी आल्व्हारो उरिबे यांचे संरक्षणमंत्री होते. उरिबे २००२ ते २०१० राष्ट्राध्यक्ष होते आणि फार्कवर लष्करी मात करणं हे त्यांच्या राजकारणाचं मर्म होतं. त्यांच्याच मंत्रिमंडळातला माणूस फार्कशी बोलणी करतो, हे उरिबेंना कधीच पचलं नाही.

सार्वमत घेणं कायद्याने बंधनकारक नव्हतं. सांतोस यांनी ते स्वतःहून पत्करलं. जनतेची मोहोर उठली की पुढच्या कुठल्याही सरकारला करार मोडणं जड जाईल, हा त्यामागचा हिशेब. हिशेब वाईट नव्हता. पण त्याच्या जोडीने जे केलं गेलं ते विसरता कामा नये. अशा मतदानासाठी आधी ५० टक्के हजेरीची अट होती. संसदेने ती काढून नवी अट घातली: नोंदणीकृत मतदारांपैकी १३ टक्के, म्हणजे सुमारे ४५ लाख लोकांनी ‘हो’ म्हणावं आणि ‘हो’ची मतं ‘नाही’पेक्षा जास्त असावीत. अट सैल केली ती ‘हो’ला वाट सोपी व्हावी म्हणून. ‘हो’ने ४५ लाखांचा उंबरठा आरामात ओलांडला, पण ‘नाही’ने त्याहून थोडी जास्त मतं घेतली. मतदान जेमतेम ३७ टक्के झालं. जुनी अट असती तर हे सार्वमत दोन्ही बाजूंनी निष्फळ ठरलं असतं.

घटना न्यायालयाने जुलैमध्ये सार्वमताला मंजुरी देताना आणखी एक गोष्ट स्पष्ट केली होती. हा कौल फक्त राष्ट्राध्यक्षांना बंधनकारक आहे, संसदेला नाही. ‘नाही’ आल्यास हा विशिष्ट करार राष्ट्राध्यक्षांना अमलात आणता येणार नाही, पण शांततेसाठी बोलणी करण्याचा त्यांचा घटनात्मक अधिकार शाबूत राहील. हे सगळं मतदानाआधी छापील निकालपत्रात होतं. त्यामुळे पुढे जे झालं त्याला ‘निकालानंतर नियम बदलले’ म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. पण तेवढ्याच ठामपणे हेही म्हणेन की प्रचारात ही गोष्ट ना ‘हो’वाल्यांनी लोकांना धड सांगितली, ना ‘नाही’वाल्यांनी. सांतोस तर ‘नाही’ आलं तर पुन्हा युद्ध, अशाच सुरात बोलत राहिले. त्याचा फटका त्यांना नंतर बसला. जो माणूस दुसरा मार्गच नाही म्हणत होता, त्यालाच चाळीस दिवसांत दुसरा मार्ग काढावा लागला.

‘नाही’ कुणाचं होतं

इथे थोडं थांबलं पाहिजे, कारण निकालाचा मान राखायचा असेल तर आधी तो निकाल वाचता आला पाहिजे.

नकाशा पाहिला तर एक चित्र डोळ्यांत भरतं. युद्धाची झळ ज्या कडेच्या भागांनी सर्वाधिक सोसली, त्यांतल्या बहुतेकांनी ‘हो’ म्हटलं. चोको प्रांतात सुमारे ८० टक्के ‘हो’. उलट उरिबेंच्या अँटिओकिया प्रांतात आणि मध्य कोलंबियाच्या शहरांत ‘नाही’ जिंकलं. राजधानी बोगोटाने ‘हो’ म्हटलं, मेदेयीनने ‘नाही’.

बोहाया चोकोमध्येच. २ मे २००२ रोजी तिथल्या चर्चमध्ये गावकरी जीव मुठीत धरून बसले होते. बाहेर फार्क आणि निमलष्करी टोळी लढत होत्या. फार्कने डागलेला गॅस-सिलिंडरचा बॉम्ब चर्चच्या छतातून आत पडला. किमान ७९ माणसं गेली, त्यांत निम्म्याहून जास्त लहान मुलं. वेदीवरच्या ख्रिस्ताच्या मूर्तीचे हातपाय तुटले, आणि गावाने ती मूर्ती तशीच जपली आहे. डिसेंबर २०१५ मध्ये फार्कच्या नेत्यांनी गावात येऊन माफी मागितली. दहा महिन्यांनी, सार्वमतात, या गावाने ९६ टक्के ‘हो’ म्हटलं.

हे वाचून ‘नाही’वाल्यांचा राग येणं सोपं आहे. मलाही आला होता. पण ‘नाही’ म्हणणारे सगळे युद्धखोर होते असं म्हणणं खोटं आहे. त्यांच्यात फार्कने अपहरण केलेल्यांची कुटुंबं होती. अपहरण, खंडणी, मुलांना बंदुका देणं, हे करणाऱ्यांनी गुन्हे कबूल केले की तुरुंगाऐवजी ‘स्वातंत्र्यावर मर्यादा’ एवढीच शिक्षा, आणि वर संसदेत दहा राखीव जागा, हे त्यांच्या गळी उतरत नव्हतं. ही तक्रार न्याय्य होती. काही पुराणमतवादी ख्रिस्ती गटांचा आक्षेप वेगळाच होता. ऑगस्टमध्ये शाळांतल्या लैंगिकताविषयक पुस्तिकेवरून मोर्चे निघाले होते, आणि करारातल्या स्त्री-पुरुष समानतेच्या तरतुदींमागे तोच ‘अजेंडा’ आहे अशी त्यांची समजूत झाली. काहींना जमिनीच्या फेरवाटपाची भीती होती. काहींना फक्त सांतोस नको होते.

आणि हो, खोटा प्रचारही होता. ‘नाही’च्या प्रचाराचे व्यवस्थापक हुआन कार्लोस व्हेलेस यांनी निकालानंतर तीनच दिवसांनी मुलाखतीत सांगून टाकलं की लोकांनी चिडून मतदानाला यावं हीच त्यांची युक्ती होती. कुठल्या थरात शिक्षामाफीवर भर द्यायचा, कुठे अनुदानावर, कुठे ‘आपला व्हेनेझुएला होईल’ म्हणायचं, हेही त्यांनी उलगडून सांगितलं. देशभर खळबळ माजली, आणि त्यांना पक्ष सोडावा लागला.

तीन वाटा

निकालाच्या रात्री सांतोस यांच्यासमोर तीन वाटा होत्या.

पहिली: कौल फक्त मला बंधनकारक आहे, संसदेला नाही, तेव्हा तोच करार संसदेतून मंजूर करून घेऊ. कायद्याची पळवाट निघाली असती. लोकांना विचारून त्यांचं उत्तर केराच्या टोपलीत टाकण्याइतकं उघड दुसरं काही नसतं. सांतोस त्या वाटेला गेले नाहीत, हे त्यांचं श्रेय.

दुसरी: पुन्हा मतदान. ही मागणी जोरात होती आणि तिच्या बाजूचे मुद्दे ऐकायला खरे वाटतात. फरक नगण्य. मतदान ३७ टक्के. त्याच दिवशी मॅथ्यू चक्रीवादळामुळे कॅरिबियन किनारपट्टीवर पावसाने झोडपलं, काही मतदान केंद्रं हलवावी लागली, आणि हा भाग ‘हो’कडे झुकलेला. त्यात व्हेलेस यांची कबुली.

तरीही, त्याच प्रश्नावर पुन्हा मतदान घेणं चूक ठरलं असतं असं माझं ठाम मत आहे. निसटता फरक हा निकाल नाकारण्याचं कारण असेल, तर तो आकडा मतदानाआधी ठरवावा लागतो. हजेरीची अट ज्यांनी स्वतः सैल केली, त्यांना हजेरी कमी होती असं म्हणण्याचा हक्क उरत नाही. ‘हो’ ५३ हजारांनी जिंकलं असतं तर यांतल्या एकानेही फेरमतदान मागितलं नसतं, हे मनाशी कबूल केलं की वाद बराच निवळतो. खोट्या प्रचाराचा मुद्दा जास्त गंभीर आहे, पण त्याची जागा न्यायालयात. तो प्रश्न पुढे तिथे गेलाही.

तिसरी वाट सांतोस यांनी निवडली. त्या रात्रीच त्यांनी निकाल स्वीकारला, शस्त्रबंदी कायम राहील असं जाहीर केलं, आणि ‘नाही’वाल्यांना चर्चेला बोलावलं. हवानातून फार्कचे प्रमुख रोद्रिगो लोन्दोन्यो यांनीही, यापुढे आमचं हत्यार शब्दच, असं सांगितलं. त्या दोन वाक्यांनी किती जीव वाचवले याची मोजदाद कुठेच होणार नाही.

४१ दिवस

५ ऑक्टोबरला सांतोस आणि उरिबे राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादात समोरासमोर बसले. जवळपास सहा वर्षांत असं घडलं नव्हतं. त्याच संध्याकाळी बोगोटात विद्यार्थ्यांच्या हाकेने मूक मोर्चा निघाला. हजारो माणसं, हातात मेणबत्त्या आणि पांढरी फुलं. मोर्चात ‘हो’वाले होते तसे ‘नाही’वालेही. बोलिव्हार चौकात तरुणांनी तंबू ठोकले आणि करार होईपर्यंत उठणार नाही म्हणून तिथेच मुक्काम टाकला. ११ ऑक्टोबरला शिल्पकार दोरिस साल्सेदो आणि शेकडो स्वयंसेवकांनी त्या चौकात पांढऱ्या कापडाचे तुकडे हाताने शिवून जोडले. प्रत्येक तुकड्यावर युद्धात गेलेल्या एकाचं नाव, राखेने लिहिलेलं. सुमारे २००० नावं. दिवसभर माणसं गुडघ्यांवर बसून टाके घालत होती, आणि संध्याकाळपर्यंत सगळा चौक पांढरा झाला. मधल्या काळात, ७ ऑक्टोबरला, सांतोस यांना शांततेचं नोबेल जाहीर झालं होतं. परदेशात टाळ्या, देशात मात्र हातात कौल नाही, अशी त्यांची अवस्था.

खरं काम बंद खोल्यांत चाललं. सरकारने ‘नाही’च्या प्रत्येक गटाला सांगितलं: तुमचा आक्षेप कलमाकलमाने लिहून द्या. उरिबेंचा पक्ष, माजी राष्ट्राध्यक्ष आंद्रेस पास्त्राना, पुराणमतवादी नेत्या मार्ता लुसिया रामिरेस, चर्चचे प्रतिनिधी, पीडितांच्या संघटना, सगळ्यांची टिपणं आली. शेकडो सूचनांची ५७ विषयांत विभागणी झाली, आणि सरकारचे मुख्य वाटाघाटीकार हुंबेर्तो दे ला काये यांचं पथक ती घेऊन पुन्हा हवानात गेलं.

या प्रकरणात मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हे. मतपत्रिकेवरचा ‘नाही’ मुका असतो. काय नको ते तो सांगतो, काय हवं ते सांगत नाही. या ४१ दिवसांत त्या नकाराला पहिल्यांदा शब्द मिळाले. आणि शब्द मिळाल्यावर कळलं की ‘नाही’ एकजिनसी नव्हतंच. पाद्र्यांना जे हवं होतं त्याच्याशी जमीनदारांना कर्तव्य नव्हतं, आणि अपहृतांच्या कुटुंबांना जे हवं होतं त्यातलं बरंचसं देण्यासारखं होतं.

१२ नोव्हेंबरला नवा करार जाहीर झाला. पानं ३१०. सरकारने सांगितलं की ५७ पैकी ५६ विषयांत बदल किंवा खुलासे केले आहेत. बदल दिखाऊ होते असं म्हणणाऱ्यांनी तो वाचलेला नसावा. फार्कने आपली मालमत्ता जाहीर करून पीडितांच्या भरपाईसाठी द्यायची. युद्धातल्या गुन्ह्यांच्या निवाड्यासाठी नेमायच्या विशेष न्यायाधिकरणात परदेशी न्यायाधीश नकोत. त्या न्यायाधिकरणाला मुदत घातली. ‘स्वातंत्र्यावर मर्यादा’ म्हणजे नेमकं कुठल्या हद्दीत राहायचं, ते नीट बांधलं. अख्खा करार राज्यघटनेचा भाग होणार होता, ते वगळलं. खाजगी मालमत्तेला हात लागणार नाही हे स्पष्ट लिहिलं. स्त्री-पुरुष समानतेच्या तरतुदींची भाषा बदलली. यातली शेवटची तडजोड मला आजही खटकते, कारण तिथे आक्षेप गैरसमजावर उभा होता.

उरलेला सत्तावन्नावा विषय: फार्कच्या नेत्यांचा राजकारणातला सहभाग. तो बदलला नाही. बंदूक खाली ठेवून निवडणूक लढवायची, हाच तर सौद्याचा गाभा होता. तो काढला की फार्ककडे टेबलावर बसायचं कारणच उरत नव्हतं. सरकारने हे उघडपणे मान्य केलं. पण ‘नाही’वाल्या अनेकांसाठी हाच मुख्य मुद्दा होता.

पुन्हा विचारायचं की नाही

नवा करार लोकांपुढे न्यायचा की संसदेपुढे? उरिबेंनी, मजकूर अंतिम समजू नका, आधी आम्हाला पाहू द्या, असं म्हटलं. सरकारने संसदेची वाट धरली. २४ नोव्हेंबरला बोगोटाच्या कोलोन नाट्यगृहात साध्या समारंभात सह्या झाल्या. या वेळी कार्ताखेनाचा थाट नव्हता. २९ नोव्हेंबरला सिनेटने ७५ विरुद्ध शून्य आणि दुसऱ्या दिवशी प्रतिनिधीगृहाने १३० विरुद्ध शून्य मतांनी मंजुरी दिली. शून्य, कारण उरिबेंचे सदस्य मतदानाआधी उठून गेले होते.

डेन्मार्कचं उदाहरण इथे आठवतं. जून १९९२ मध्ये डेन्मार्कने युरोपीय संघ स्थापणाऱ्या मास्ट्रिच्ट कराराला ५०.७ टक्के मतांनी नकार दिला. मग चार बाबतींत सवलती मिळवल्या आणि मे १९९३ मध्ये पुन्हा मत घेतलं, तेव्हा ५६.७ टक्के ‘हो’ आलं. म्हणजे बदललेल्या मजकुरावर पुन्हा विचारता येतं, आणि ते पहिल्या कौलाचा अपमान ठरत नाही. कोलंबियाने डेन्मार्कची पहिली पायरी चढली आणि दुसरी टाळली.

टाळली ते बरोबर होतं का? इथे माझं मत पूर्ण सरळ नाही. विरोधातला मुद्दा वजनदार आहे: ‘नाही’ जनतेने म्हटलं आणि ‘हो’ म्हणाली २०१४ मध्ये निवडून आलेली संसद. त्या निवडणुकीच्या वेळी कराराचा मजकूर अस्तित्वातही नव्हता. पण दुसऱ्या पारड्यात माणसं होती. फार्कचे लोक अधांतरी होते, ना युद्धात ना शांततेत. नोव्हेंबरच्या मध्यात दक्षिण बोलिव्हारमध्ये लष्कराच्या कारवाईत त्यांचे दोघे मारले गेले, शस्त्रबंदी असताना. आणखी काही महिने प्रचार, आणखी एक मतदान, तेवढ्या काळात अशा किती घटना झाल्या असत्या आणि कुठली ठिणगी पेटली असती, हे कोण सांगणार? मी त्या टेबलाशी असतो तर संसदेचाच मार्ग धरला असता. पण लोकांना बरोबर सांगितलं असतं की छप्पन्न गोष्टी तुमचं ऐकून बदलल्या, सत्तावन्नावी बदलता येत नाही, आणि २०१८ च्या निवडणुकीत तुम्ही आम्हाला याचा जाब विचारा.

घटना न्यायालयाने डिसेंबरमध्ये जे म्हटलं ते या सगळ्या वादात मला सर्वांत नेमकं वाटतं. जनतेची मान्यता ही एका दिवसाची घटना नसून प्रक्रिया असू शकते आणि ती संसदेत पूर्ण होऊ शकते. मात्र लोकांनी दिलेल्या निकालाचा मान ठेवून, त्याचा सद्हेतूने अर्थ लावूनच ती पुढे नेली पाहिजे. निकालाचा अर्थ लावावा लागतो हे न्यायालयाने लपवलं नाही, आणि अर्थ लावणाऱ्याचे हातही मोकळे सोडले नाहीत.

नंतर

जून २०१७ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाने जाहीर केलं की फार्कच्या लढवय्यांनी ७,१३२ हत्यारं जमा केली आहेत. ऑक्टोबरमध्ये घटना न्यायालयाने ठरवलं की पुढच्या तीन राष्ट्राध्यक्षांच्या कारकिर्दी संपेपर्यंत सरकारने करार प्रामाणिकपणे पाळावा. २०१८ च्या संसद निवडणुकीत फार्कच्या पक्षाला अर्धा टक्कासुद्धा मतं पडली नाहीत. राखीव दहा जागा तेवढ्या मिळाल्या.

जाब विचारला गेलाच. त्याच वर्षी उरिबेंच्या पक्षाचे इव्हान दुके राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांनी २०१९ मध्ये विशेष न्यायाधिकरणाच्या कायद्यातल्या सहा कलमांवर आक्षेप घेतले, पण संसदेत आणि न्यायालयात ते टिकले नाहीत. करार मोडला नाही, पण अंमलबजावणी रेंगाळली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये फार्कचे वाटाघाटींतले प्रमुख इव्हान मार्केस यांनी पुन्हा बंदूक उचलली. शस्त्रं खाली ठेवलेल्या माजी लढवय्यांपैकी ३०० हून अधिक जण २०२२ पर्यंत मारले गेले होते. यातलं किती त्या न विचारलेल्या दुसऱ्या प्रश्नामुळे आणि किती कोकेनसाठीच्या कोकाच्या शेतांमुळे, सोन्याच्या बेकायदा खाणींमुळे, सरकार न पोचलेल्या गावांमुळे, हे वेगळं काढता येत नाही. ज्या न्यायाधिकरणाला ‘शिक्षामाफीची सोय’ म्हणून हिणवलं गेलं, त्यानेच जानेवारी २०२१ मध्ये फार्कच्या वरिष्ठ नेत्यांवर अपहरणांबद्दल युद्धगुन्ह्यांचे आणि मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांचे आरोप ठेवले, आणि त्या नेत्यांनी ते मान्य केले.

बोहायात नोव्हेंबर २०१९ मध्ये चर्चमधल्या मृतांचे अवशेष, ओळख पटवून, शवपेट्यांतून गावात परत आले. सतरा वर्षांपूर्वी घाईने पुरलेल्या माणसांना घरच्यांनी पहिल्यांदा नावानिशी निरोप दिला. कार्ताखेनाच्या समारंभात म्हटली होती तशीच गाणी गावच्या बायकांनी त्या रात्री पेट्यांशेजारी बसून म्हटली.